आवाजाची जागा

घराची मालकी कोणाची हें कागदपत्रांवरून ठरतें; परंतु दिवाणखान्यांतील भिंतीची मालकी कोणाची हें ठरविण्यास कोणताहि दस्तऐवज उपयोगी पडत नाहीं, असा माझा अनुभव आहे. पुण्यांतील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरांत अशी एक ११ फूट लांबीची भिंत आहे. दोन वर्षांपूर्वीं जुना दूरचित्रवाणी संच निकालांत निघाला आणि ५५ इंची नवा संच त्या भिंतीवर टांगला गेला, त्या दिवसापासून ती भिंत आमच्या सौभाग्यवतींच्या राज्यांत सामील झाली. संच इतका सडपातळ, कीं टांगण्याची लोखंडी चौकट धरूनहि तो भिंतीपासून ४ इंचांहून पुढें येत नव्हता. खालचें टेबल गेलें, टेबलावरचें तारांचें जंजाळ गेलें, टेबलाखालची धूळ गेली. "भिंत कशी मोकळी वाटते!" असें त्या दहा वेळां म्हणाल्या, आणि मींहि दहा वेळां मान डोलविली. संसारांत मान डोलविण्यासारखें स्वस्त आणि गुणकारी औषध दुसरें नाहीं.

त्या मोकळ्या भिंतीनें आमच्या घरांतून काय नेलें होतें, हें मात्र मला पुढें पुष्कळ दिवस कळलें नाहीं.

माझी आई आतां ८४ वर्षांची आहे. तीस वर्षें तिनें मुलींच्या शाळेंत मराठी शिकविलें. आणि निवृत्तीनंतर शाळा सुटली, तरी शिकविणें सुटलें नाहीं. उच्चारांच्या बाबतींत ती विशेष कडक. मराठींत 'च' लिहावयाचा एक, पण बोलावयाचे दोन. 'चिमणी'चा वेगळा आणि 'चुली'चा वेगळा. 'चुलीवर चिमणी बसली' हें वाक्य तिनें किती मुलींकडून घोकून घेतलें असेल, याची गणती नाहीं. हा भेद न पाळणारा माणूस तिच्या तावडींतून सुटत नसे. मग तो घरचा जांवई असो, औषध देणारा डॉक्टर असो, कीं दूरचित्रवाणीवरचा वृत्तनिवेदक असो. निवेदकाला आपलें बोलणें ऐकूं जाणार नाहीं हें ठाऊक असूनहि ती त्याला जागच्या जागीं दुरुस्त करी. बातम्यांपेक्षां या दुरुस्त्या ऐकण्यांतच आम्हांला अधिक गोडी वाटे.

पुढें या दुरुस्त्या हळूहळू थांबल्या. आम्ही समजलों, वय झालें, स्वभाव निवळला. "सासूबाई आतां किती शांत झाल्या आहेत!" असें सौभाग्यवती एकदां कौतुकानें म्हणाल्या. तें ऐकून मला समाधान वाटलें होतें. आणि आज त्या समाधानाचीच लाज वाटते.

गेल्या गणपतींतली गोष्ट. रात्रीं आम्ही सारे एक जुनें विनोदी नाटक पाहत बसलों होतों. एका वाक्याला चिरंजीव हसले, मी हसलों, सौभाग्यवती हसल्या, आणि अर्ध्या क्षणानें आई हसली. पुढच्या वाक्याला पुन्हां तसेंच. तिसऱ्या वेळींहि तसेंच. तो अर्धा क्षण माझ्या मनांत कोठें तरी खुपला. मीं तिच्याकडे वांकून हळूच विचारलें, "आई, काय म्हणाला ग तो?"

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही हसलांत, म्हणून मी हसलें. एकट्या म्हातारीनें गप्प बसलेलें बरें दिसत नाहीं."

"मग आवाज मोठा करूं का?"

"नको रे. आवाज येतो. शब्द येत नाहींत."

तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तें मला फार लागलें. पण त्या दोन वाक्यांत एका सबंध शास्त्राचें सार होतें, हें मला नंतर उमगलें. उतारवयांत कान जातात ते सरसकट जात नाहींत. प्रथम उंच पट्टीचे बारीक ध्वनि जातात. बोलण्यांतील स्वरांचें बळ खालच्या पट्टींत असतें. 'स', 'श', 'च', 'त', 'फ' अशा व्यंजनांचा सूक्ष्म सळसळाट वरच्या पट्टींत असतो. स्वर बोलण्याला अंग देतात, व्यंजनें त्याला अर्थ देतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोणी तरी बोलत आहे हें कळतें. काय बोलत आहे हें कळत नाहीं. आपण नुसता आवाज चढवितों तेव्हां जे स्वर आधींच ऐकूं येत होते तेच गर्जू लागतात, आणि त्यांच्या गलक्यांत व्यंजनें अधिकच बुडतात. कानांच्या डॉक्टरांनीं आईला श्रवणयंत्र दिलें. समोरासमोर बोलतांना त्याचा चांगला उपयोगहि झाला; परंतु दूरचित्रवाणीपुढें बसली, कीं पुन्हां तेंच. आवाज येतो, शब्द येत नाहींत.

तेव्हां मीं प्रथमच त्या सडपातळ संचाकडे संशयानें पाहिलें. भिंतीवरून उतरवून तो उलटा केला आणि उलगडा झाला. आमचा जुना संच पेटाऱ्यासारखा खोल होता. त्याचे ध्वनिक्षेपक, म्हणजे आतां सर्वांच्या तोंडीं बसलेले स्पीकर, पडद्याच्या दोन बाजूंना होते आणि त्यांचीं तोंडें आमच्याकडे होतीं. नव्या संचाच्या दर्शनी बाजूला पडद्याशिवाय कांहींच नाहीं. त्याचे चिमुकले स्पीकर खालच्या कडेला दडलेले, आणि त्यांचीं तोंडें जमिनीकडे! नट आमच्याशीं बोलतो, पण त्याचा आवाज प्रथम फरशीला भेटतो. तेथून भिंतीवर, खिडकीच्या कांचांवर आणि छतावर आपटत आपटत आमच्यापर्यंत येतो. उघड्या फरशीच्या त्या खोलींत बिचाऱ्या बारीक व्यंजनांची वाटेंत काय दशा होत असेल! भिंत मोकळी दिसावी म्हणून आम्हीं आवाजाला तोंड फिरवून उभें केलें होतें.

संचाच्या भोंवतीं वेगळे स्पीकर बसवावयाचे, असें ठरलें. दुकानदारानें संचाखालीं बसविण्याची एक तयार लांब पट्टी दाखविली, आणि ती वाईट होती असें मी म्हणणार नाहीं. परंतु आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहेत, आणि त्या वयांत तयार वस्तु विकत घेणें हा माणसाला आपला अपमान वाटतो. पेट्या आपणच बांधावयाच्या असा त्यांनीं हट्ट धरला. मग जेवणाच्या टेबलाभोंवतीं सभा भरली. सौभाग्यवतींची अट एकच: "अहो, काय हवें तें करा, पण पडद्याच्या पुढें एक सूतभरहि कांहीं येतां कामा नये." चिरंजीवांची मागणी अशी, कीं चित्रपटांत स्फोट झाला तर सोफा हादरला पाहिजे. माझी मागणी आईला शब्द कळावे एवढीच. आणि आईचें म्हणणें, "माझ्यासाठीं भिंत फोडूं नका."

सौभाग्यवतींच्या अटीनें पेटीची खोली ४ इंच ठरली. उंची संचाएवढी, म्हणजे २८ इंच. रुंदी शोभेल अशी ५ इंच. चिरंजीवांनीं अर्धा इंच जाडीच्या प्लायवुडचा हिशेब मांडला. बाहेरून मोजावें तर पेटी ५६० घनइंच. पण फळ्यांची जाडी सर्व बाजूंनीं वजा जातां आंत उरतात २७ गुणिले ४ गुणिले ३, म्हणजे ३२४ घनइंच. लिटरांत बोलावयाचें तर सवापांच लिटरांच्या आसपास. सोळा आण्यांतले जवळजवळ सात आणे लाकडानेंच खाल्ले! जाड वस्तूला तिच्या सालीचा भार जाणवत नाहीं. बारीक वस्तु मात्र बरीचशी सालच असते.

"मग बिघडलें कोठें? हवाच तर भरावयाची आहे तींत," मी म्हणालों. त्यावर चिरंजीवांनीं मला जें समजाविलें, तें मीं कॉलेजांत शिकलों असतां कदाचित् पदार्थविज्ञानाला भ्यालों नसतों. स्पीकरला पेटी लागते ती शोभेकरितां नव्हे. त्याचा कागदी पडदा पुढें सरकला, कीं पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. दोघींना मोकळें सोडलें, तर त्या कडेवरून एकमेकींना गांठतात आणि खर्जाचा आवाज जन्मतःच मरतो. म्हणून मागची हवा कोंडून ठेवावयाची. पण कोंडलेली हवा म्हणजे एक स्प्रिंगच. पेटी जितकी लहान तितकी ती ताठर, आणि ताठर स्प्रिंग पडद्याला सावकाश, लांब हेलकावे घेऊं देत नाहीं. खर्जाला तर तेच हवे असतात. तेवढ्याच जोराचा सूर एक सप्तक खालीं आणावयाचा, तर पडद्याला चौपट हालावें लागतें! आमच्या पेटींत मावणारा स्पीकर अवघा ३ इंची. ८ इंची स्पीकरच्या मानानें त्याचा पडदा क्षेत्रफळानें सातवा हिस्साहि भरत नाहीं. त्यानें हालून हालून हालावें तरी किती?

प्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे पुत्र जे. अँटन हॉफमन हे अमेरिकेंत स्पीकर बांधणाऱ्यांतले एक नामांकित गृहस्थ होऊन गेले. त्यांच्या नांवानें एक 'लोह-नियम' प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तिहींपैकीं कोणत्याहि दोन गोष्टी मागून घ्या. तिसरी मिळणार नाहीं. हा नियम मला एकट्या स्पीकरचा वाटत नाहीं. मोठा पगार, भरपूर रजा आणि साहेबांची मर्जी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळालेला मनुष्य माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. "बाबा, या नियमापुढें कोणाचें चालत नाहीं," असें म्हणून चिरंजीवांनीं सोफा हादरविण्याचा बेत मोठ्या दुःखानें अर्धा सोडला.

मला मात्र तो हिशेब ऐकून धीर आला. सडपातळ पेटीनें गमावला तो खर्ज; आणि आईला हवे होते ते शब्द. बोलण्याला खर्ज असा लागतो किती? पुरुषाचा आवाज सेकंदाला १०० ते १२५ कंपनांच्या आसपास सुरू होतो, स्त्रीचा २०० च्या आसपास. जुन्या टेलिफोननें तर ३०० च्या खालचें आणि ३,४०० च्या वरचें सारें छाटून टाकलें होतें. तरी लग्नें ठरलीं, व्यापार झाले आणि भांडणेंहि यथास्थित झालीं. शिवाय, पेटी भिंतीला चिकटून बसली, कीं खालच्या सुरांना भिंतीचा आधार मिळून ते थोडे बळावतात. भिंतीखातर जें गेलें, त्यांतलें थोडें भिंत आपण होऊन परत देते. उरलेला खर्ज, म्हणजे ८० कंपनांच्या खालचा, हवा असेल तर एका वेगळ्या मोठ्या पेटींत ठेवतां येतो, आणि ती पेटी कोठेंहि लपवितां येते. कारण त्या सुरांची एकेक लाट १४ फुटांहून लांब असते, आणि ती खोलीच्या कोणत्या कोपऱ्यांतून निघाली हें कानाला नीटसें सांगतां येत नाहीं. पण आमच्या खालच्या मजल्यावर एक तान्हें मूल आहे. तें चालूं लागेपर्यंत ही पेटी आणावयाची नाहीं, असें ठरलें.

पेट्यांचा प्रश्न असा सुटला, आणि त्यांच्या जागेचा उभा राहिला. गाणें ऐकावयाचें तर ऐकणारा आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हावा, असा संकेत आहे. आमचा सोफा भिंतीपासून ९ फुटांवर. म्हणजे दोन पेट्यांत १० फुटांहून अधिक अंतर हवें. आणि भिंतीच्या एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी! संचाला लागून बसविल्या तर अंतर उरतें साडेचार फूट. पण याहून मोठी अडचण निराळीच होती. आई सोफ्यावर बसत नाहीं. तिची खुर्ची खिडकीशीं, एका बाजूला. दोनच स्पीकर असले तर मध्यें बसणाऱ्याला आवाज मधून आल्यासारखा वाटतो. पण बाजूला बसणाऱ्याला जवळचाच स्पीकर बोलतांना ऐकूं येतो, मग नट पडद्यावर कोठेंहि उभा असो.

ही अडचण आमच्या खोलीहून फार जुनी आहे. १९३१ सालच्या मार्चमध्यें मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट लागला आणि पडदा बोलतो याचेंच लोकांना नवल वाटलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन नांवाचा एक तरुण इंजिनियर आपल्या भावी पत्नीसह बोलपट पाहावयास गेला होता, असें सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडेच, हें त्याला खटकलें. आणि आवाज नटाच्या मागोमाग चालविण्याची युक्ति आपल्याला सुचली आहे, असें तो तिला म्हणाला. डिसेंबरांत त्यानें त्या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. आज घरोघर ज्याला स्टीरिओ म्हणतात, त्याचा पाया त्या कागदांत आहे. पुढें महायुद्धांत, १९४२ सालीं, रडारच्या चांचणीचें विमान कोसळून हा बुद्धिमान मनुष्य अकालीं गेला. इकडे अमेरिकेंत बेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं १९३३ च्या एप्रिलांत फिलाडेल्फियांत वाजणारा वाद्यवृंद तारेनें वॉशिंग्टनला नेऊन तेथील श्रोत्यांना तीन स्पीकरांवर ऐकविला: एक डावा, एक उजवा आणि एक मधला. बाजूला बसणाऱ्यांचें दुःख हा मधला हलकें करतो. चित्रपटगृहांत आजहि पात्रांचें बोलणें मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतें, आणि तें यावें म्हणून पडद्याला बारीक छिद्रें पाडलेलीं असतात.

आमच्या पडद्याला छिद्रें पाडणें शक्य नव्हतें. पण तिसरी पेटी संचाच्या खालीं आडवी बसवितां येत होती. "आवाज नटाच्या तोंडाऐवजीं त्याच्या पायांतून नाहीं का येणार?" असें सौभाग्यवतींनीं विचारलें. शंका रास्त होती. पण येथें डोळा कानाच्या मदतीला येतो, किंवा खरें म्हणजे कानाला फसवितो. यशवंत पाध्ये आणि त्यांच्यामागून रामदास पाध्ये यांनीं अर्धवटरावाला बोलतां केलें, तें याच आधारावर. बाहुलीचे ओठ हालले, कीं आवाज तिच्याच तोंडून निघाला अशी आपली खात्री होते. आपल्या भाषेंत या कलेला 'शब्दभ्रम' असा किती सुरेख शब्द आहे! पेटी पडद्याच्या जवळ असली, कीं हा भ्रम घरबसल्या साधतो.

मग आम्हीं पेट्यांच्या मापाचे खाकी कागद कापून भिंतीवर चिकटविले आणि आठ दिवस तसेच ठेवले. येतां जातां प्रत्येकानें ते पाहावे आणि बोट भर इकडे-तिकडे सरकवावे. आई एकदां त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "एवढ्याशा चिठ्ठींतून काय ऐकूं येणार? आमच्या वाड्यांतला रेडिओ ट्रंकेएवढा होता." मग ती १९५५ सालची हकिकत सांगूं लागली. पुणें आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालें तेव्हां ती चौदा वर्षांची होती. वर्षभर दर आठवड्याला माडगूळकरांचें नवें गीत. गाण्यांना चाली सुधीर फडक्यांच्या. वाड्यांत रेडिओ एकच, आणि त्या वेळेला साऱ्या बिऱ्हाडांचीं माणसें त्याच्याभोंवतीं गोळा होत. रेडिओवर क्रोशाचा रुमाल असे, आणि घरांतली उत्तम जागा त्याची असे.

तें ऐकतांना माझ्या मनांत आलें: त्या काळीं आवाजाला घरांत जागा होती. आज आम्हांला आवाज हवा असतो, पण त्याची पेटी दिसावयास नको असते. आणि केवळ आवाजाचेंच असें आहे का? घरांतलीं म्हातारीं माणसेंहि हळूहळू सडपातळ होत जातात. आपली अडचण कोणाला होऊं नये म्हणून तीं खुर्ची भिंतीशीं सरकवितात, मागणें कमी करतात, बोलणें कमी करतात, आणि दुसऱ्यांच्या हसण्यांत आपलें हसणें मिसळून टाकतात. आपल्याला घर मोकळें वाटतें, आणि त्याला आपण शांति म्हणतों.

पुढचें काम मिस्त्रींनीं चार दिवसांत उरकलें. तिन्ही पेट्यांना भिंतीचाच रंग दिला. तारा पांढऱ्या केसिंगपट्टींतून दाराच्या कडेनें कपाटांत नेल्या. संच जरा उंच टांगला गेला होता, आणि बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांवर असतो. म्हणून मिस्त्रींनीं मधल्या पेटीला वरून एक लहानशी पांचर मारून तिचें तोंड किंचित् खालीं, आणि चिरंजीवांच्या सांगण्यावरून थोडें खिडकीकडे, वळविलें. मीं फरशीवर एक जाड सतरंजी अंथरली. कांचांवर पडदे आले. सौभाग्यवतींनीं फूटपट्टी घेऊन सारें तपासलें. पडद्याच्या पुढें एक सूतभरहि कांहीं आलें नव्हतें. पहिला स्फोट ऐकून चिरंजीव मात्र खिन्न झाले. "सोफा हालला नाहीं," ते म्हणाले.

सायंकाळीं सातच्या बातम्या लागल्या. आई खिडकीशीं आपल्या खुर्चींत बसली होती. मी वर्तमानपत्र पुढें धरून तिच्याकडेच पाहत होतों. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. ती कांहीं बोलेना. मला वाटलें, एवढा खटाटोप फुकट गेला. निवेदक कसल्याशा सरकारी हिशेबांतील चुकीची हकिकत सांगत होता. एकाएकीं आई खुर्चींत ताठ बसली.

"'चूक' म्हणाला तो! चिमणीचा 'च' लावून!" ती पडद्याकडे बोट करून म्हणाली. "निदान 'चूक' म्हणतांना तरी चुकूं नये माणसानें."

आणि ती हसली. तिच्यामागून आम्ही सारे हसलों. पण त्या दिवशीं आम्हांलाच अर्धा क्षण उशीर झाला होता.